मंगळवार कुणाचा

वसमतच्या हळदीच्या पेठेत पुनमचंद आडत्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर वाचनालय. खाली हळदीचा लिलाव चाले, पोती आपटली जात, आणि उडालेली पिवळी धूळ जिन्यानं वर चढून पुस्तकांवर बसे. त्यामुळं तिथलं कुठलंही पुस्तक उघडा, पानांच्या कडा पिवळ्या आणि वास हळदीचा. ही धूळ झटकायचं काम भिकाबाईकडं होतं.

भिकाबाईचा नवरा पुनमचंदाकडं मापाडी होता. तो पटकीच्या साथीत गेला, तेव्हा शेठजीनं तिला माडी झाडायला ठेवलं. पोरबाळ नव्हतं. माहेर साखऱ्याचं, हळद पिकवणाऱ्या गावचं. तिथं भाऊ देवळात पंतोजीपुढं बसून अक्षरं गिरवायचा, आणि ही खांबाआडून बघत बघत तीच अक्षरं धुळीत काढायची. तेवढ्यावर तिला वाचता येई. सावकाश, ओठ हलवत, जोडाक्षरापाशी अडखळत.

वाचनालयात बायका येत नसत. यायची पद्धतच नव्हती. एके दिवशी सोनाराच्या मनकर्णानं खिडकीतून भिकाबाईला हाक मारली.

"भिकाबाई, वर लई पुस्तकं हायेत म्हन्तेत. आमच्यासारखीच्या कामाचं असंल एखादं, तर आन की."

भिकाबाईनं चिटणीस रामकिशनराव वकिलांना विचारलं. वकील हसले, म्हणाले, "माझ्या नावावर ने. पण हरवलंस तर बघ." तिनं टोपलीत पुस्तक ठेवलं, त्यावर फडकं, फडक्यावर मेथीच्या दोन जुड्या, आणि मनकर्णाच्या सासूसमोरून ताठ मानेनं आत गेली.

पुढं मेथीची गरज राहिली नाही. सोनारगल्लीतून पिंजारगल्ली, तिथून थेट किल्ल्याकडची आळी; भिकाबाईची टोपली घरोघर जायला लागली. कुणाला काय द्यावं हे तिला आपोआप कळायला लागलं. गरवार पोरीला रडक्या गोष्टी द्यायच्या नाहीत. जिचा नवरा परगावी, तिला प्रवासाचं पुस्तक द्यायचं. जिला अक्षर येत नाही, तिच्या ओट्यावर बसून दोन पानं वाचून दाखवायची. तिचं वाचणं इतकं हळू होतं की ऐकणारीला मधे भाकरी उलटून यायला वेळ मिळे. "भिकाबाई आली," असं कुठल्याही दारात झालं की ती मनातून फुलायची. नवरा होता तेव्हाही कुणी तिची अशी वाट पाहिली नव्हती.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एकोणीसशे एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात वकिलांच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं आणि शालूबाई आली.

शालूबाई अमरावतीकडची. इंग्रजी शाळेत शिकलेली, गोरीपान नव्हे पण नजर ठरेल अशी, आणि बोलायला मोकळी. माहेराहून येताना तिनं बाजाची पेटी आणली होती. सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, बायकांसाठी आठवड्यातून एक दुपार वाचनालय मोकळं ठेवलं तर? मंगळवारी सगळे पुरुष कचेरीतच असतात." वकिलांना सुनेचं कौतुक होतं. मंगळवार ठरला.

भिकाबाईला शालूबाई म्हणाली, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं उन्हातान्हात फिरलात. आता नका फिरू. आता बायकाच इथं येतील."

ती हे मायेनं बोलली, यात शंका नव्हती. भिकाबाईला मात्र कुणीतरी डोक्यावरची टोपली काढून घेतल्यासारखं झालं.

पहिल्या मंगळवारी चारच बाया आल्या. तिसऱ्याला जिना भरला. ज्या मनकर्णाला उंबरा ओलांडायला सासूची परवानगी लागे, ती चक्क गजरा माळून आली. शालूबाई आधी एखादी गोष्ट वाचून दाखवी. ती वाचायला लागली की खालच्या लिलावाचा आवाज ऐकू येईनासा व्हायचा. राजाचा आवाज निराळा, म्हातारीचा निराळा. मग पेटी पुढं ओढून म्हणायची, "आता तुमची गाणी. जात्यावरची, हळदीच्या वाफ्यातली, बारशाची. तुमच्या आयांनी म्हटलेली. ती पुस्तकात नाहीत, तुमच्याजवळच आहेत. एकमेकींना द्या."

आणि बाया द्यायच्या. कुणी टाकळी गावची ओवी म्हणे, कुणी कळमनुरीकडचा पाळणा. पिंजाऱ्याची रहिमाबी लाजत लाजत यायची, दाराशी बसायची. तिनं एकदा दखनीतलं चक्कीवरचं गाणं म्हटलं आणि साऱ्या माडीवर चिडीचूप झालं. तिची सासू, त्या सासूची सासू, असं करत करत आलेलं ते गाणं होतं. शालूबाईनं पेटीवर सूर धरला आणि सगळ्याजणींकडून ते घोळवून घेतलं. सोनारीण चक्कीचं गाणं म्हणायला लागली, पिंजारीण ओवी.

भिकाबाई जिन्याच्या तोंडाशी बसायची. चपला सरळ करायच्या, पाण्याची घागर भरून ठेवायची, शेवटी सतरंजी झटकायची. तिला कुणी "तूही म्हण" असं म्हटलं नाही. का म्हणावं? ती वाचनालयाची होती, वाचनालयात आलेली नव्हती. पण साखऱ्याच्या हळदीच्या भट्टीवर तिची आई रात्रभर म्हणायची त्या ओव्या तिच्या गळ्यात बसून होत्या. दर मंगळवारी त्या वर यायच्या, आणि ती गिळायची.

तिनं शालूबाईत खोट शोधायचा फार प्रयत्न केला. उर्मट असती तर बरं झालं असतं. पण ती उर्मट नव्हती. शालूबाई खाली उतरताना हात जोडायची, सणाला पुरणपोळी पाठवायची. भिकाबाई ती पोळी खायची आणि तिच्या पोटात दुखायचं. टोपली घेऊन दारात गेली की बाया म्हणायच्या, "ठेव तिथं, भिकाबाई. मंगळवारी शालूबाई सांगतीन त्येच वाचावं म्हन्ते." आणि मग शालूबाईचं पुराण. शालूबाई अशी बोलली, तशी हसली, तिनं पातळ कसं नेसलं होतं. एकदा मनकर्णा म्हणाली, "तुझं वाचनं म्हंजी बैलगाडी, अन् तिचं म्हंजी मोटार." ती थट्टेनं म्हणाली. भिकाबाई हसली, आणि ते वाक्य घरी घेऊन गेली.

टोपली जायची त्या घरांपैकी एक घर पोलीस अमीनसाहेबांचं, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांचं होतं. त्यांची बेगम कमरजहाँ बिदरची. पडद्यात राहणारी, एकटी, वाचनाची भुकेली. वाचनालयात एक फळी उर्दू पुस्तकांची होती, ती तिनं कधीच संपवली होती. आता ती मराठी मासिकांतली चित्रं बघायची आणि त्यांखाली काय लिहिलंय ते भिकाबाईकडून वाचून घ्यायची. शालूबाईचं नाव न काढणारं असं हे एकच घर उरलं होतं.

त्या दिवशी भिकाबाई तिथं गेली तेव्हा दारात अमीनसाहेबांचे जोडे होते. ते एरवी त्या वेळी घरी नसत. तिनं जोडे पाहिले. आतल्या खोलीवर चिकाचा पडदा सोडलेला होता, मागं पानदानाचा आवाज झाला, तोही तिनं ऐकला.

कमरजहाँ म्हणाली, "आज देर करे, भिकाबाई?"

"काय करू, बीबी. तिथं आता पुस्तकाला कोन इचारतंय." आणि भिकाबाईनं आवाज जरासा, अगदी जरासाच, चढवला. "मंगळवारचा जलसा होऊन राह्यला तिथं. पेटी काय, गानी काय, ह्या एवढ्या बाया जमतेत. वकीलसाहेबाची सून बोलती, अन् समद्या ऐकतेत."

निजामाच्या मुलखात त्या काळी चार माणसं जमवून बोलायचं किंवा जलसा करायचा तर आधी परवानगी काढावी लागे. वाचनालयाला मुभा होती ती वाचण्यापुरती. हे वसमतच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि भिकाबाई तर रोज वकिलांच्या हाताखाली माडी झाडत होती. चिकामागं पानदान बंद झाल्याचा आवाज आला. रस्त्यावर आल्यावर ती मागं न बघता भराभर चालायला लागली. पण त्याच्या आधी, उंबरा ओलांडताना, तिला क्षणभर गार वाटलं होतं. ते तिला पुढं कधीच विसरता आलं नाही.

पुढच्या मंगळवारी ठाण्यातला जवान इनायत आला. तो गावचाच, त्याची बायकोही माडीवर येणारी. त्यानं मान खाली घालून बायांना उतरायला सांगितलं, दाराला कुलूप लावून लाखेची मोहोर केली आणि कचेरीतून धावत आलेल्या वकिलांना म्हणाला, "हुकूम है, साहेब. माझ्या हातात काय न्हाई."

भिकाबाईला वाटलं होतं, मंगळवार बंद होईल. बंद झालं ते सगळंच. पुस्तकं आत, टोपली बाहेर.

वकिलांनी अर्ज केला. शालूबाईनं तो सुवाच्य अक्षरात लिहून दिला. अर्ज कचेरीत गेला, कागदांची मिसल परभणीला गेली, आणि तिथंच बसली. पावसाळा संपला. भिकाबाई रिकाम्या हातानं गल्लीतून जायला लागली तर बाया विचारायच्या, "काही कळलं का?" मनकर्णाच्या सासूनं खिडकीला आतून खिळा ठोकला. गाणी म्हणून म्हणून दारात पोलीस आणायची वेळ आली, आता पुरे झालं, असं तिचं म्हणणं. ज्या दारांनी भिकाबाईची इतकी वर्षं वाट पाहिली, ती दारं आता लोटलेली असायची.

हे सगळं तिनं सहन केलं असतं. पण एक दिवस ती पिंजारगल्लीतून जात होती, तर रहिमाबी दारात कापसाच्या ढिगाशी बसलेली. तिनं वर बघितलं नाही. गल्लीत बोललं जात होतं की रहिमाबीच्या दखनी गाण्यानंच घोटाळा केला, सरकारला कळणारं तेवढं एकच, त्यातून काय वाटलं कोण जाणे. नवऱ्यानं रहिमाबीला बाहेर पडायला बंदी केली होती.

"भिकाबाई," ती हळूच म्हणाली, "मी तर अल्लाचं नाव घेतलं फकत. माझ्या गान्यानं कुनाचं काय बिघडलं असंल वो?"

भिकाबाईला रहिमाबीचा कधी राग आला नव्हता. जिच्यावर राग होता ती शालूबाई घरी बसून अर्ज लिहीत होती, आणि मार भलत्याच बाईला बसला होता. ती तशीच मागं वळली आणि अमीनसाहेबांच्या घराकडं चालायला लागली. दारात जोडे नव्हते. असते तरी ती गेली असती.

कमरजहाँ तिला बघून उठलीच. "किताब लाये क्या?"

"किताब कुठून आनू, बीबी. कुलूप हाय."

"वहाँ हुकूमत के खिलाफ गाते थे बोलते, सच है?"

"न्हाई, बीबी. म्या जलसा म्हनलं, ते खोटं म्हनलं. जात्यावरची गानी हायेत ती. बायामानसाची."

"तो फिर वैसा काय को बोले?"

भिकाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या पोटात दुखत हुतं," ती म्हणाली.

कमरजहाँला ते कळलं की नाही, कोण जाणे. तिनं भिकाबाईला जाजमावर बसवलं आणि म्हणाली, "गा के बताव. कौन से गाने हैं, मैं सुनती."

आता भिकाबाईच्या ध्यानात आलं की तिला सगळीच गाणी येतात. जिन्याच्या तोंडाशी बसून, दात खात, शालूबाईच्या प्रत्येक सुरावर जळत तिनं एकूण एक गाणं ऐकलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर सांडलेलं नव्हतं. तिनं टाकळीची ओवी म्हटली, कळमनुरीचा पाळणा म्हटला. मग रहिमाबीचं म्हटलं:

"खुट्टा मेरे हात में, नाव तेरा साँस में,
पीसती पीसती पौंची मौला, मैं बी तेरे पास में."

कमरजहाँनं तोंडाला ओढणी लावली. "हमारे घर में दादी ऐसाच गाते थे," ती म्हणाली. "बिदर में. चक्की पे. मैं इत्ती थी." मग म्हणाली, "और एक गाना गाव. तुम्हारा."

कुणीतरी पहिल्यांदाच मागितलं होतं. भिकाबाईनं डोळे मिटले आणि साखऱ्याची भट्टी डोळ्यांपुढं आणली.

"हळद शिजती कढईत, धूर चालला गावावरी,
आईला गं कळू द्या, तिची लेक हाय चुलीवरी."

कमरजहाँनं नवऱ्याला काय सांगितलं ते भिकाबाईला कधी कळलं नाही. दिवाळीच्या आत इनायत आला, मोहोर फोडली, कुलूप काढलं आणि वकिलांना म्हणाला, "बायांचे गाने चालतात म्हने. भाषन न्हाई करायचं."

गावात एकच बोलणं झालं: शालूबाईच्या अर्जानं काम केलं. काय अक्षर, काय मुद्दे. मनकर्णानं तिची ओटी भरली. पुनमचंदानं पेढे वाटले. भिकाबाईनं पेढा घेतला आणि माडी झाडायला वर गेली. कित्येक महिन्यांची धूळ साचली होती. ती झाडत राहिली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती. कुलूप कुणी काढलं हे सांगायचं तर आधी ते कुणी लावलं हे सांगावं लागलं असतं.

पण गोष्ट तिथं थांबायची नव्हती. संक्रांतीनंतरच्या एका मंगळवारी दुकानापुढं पडद्याचा टांगा थांबला आणि बुरखा घेतलेली कमरजहाँ जिना चढून वर आली. बाया घाबरून सरकल्या. ती बसली, बुरखा वर केला, मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "भिकाबाई, वहाँ काय को बैठे? वो चुल्हेवाला गाना बोलो ना."

सगळ्या माना जिन्याकडं वळल्या. शालूबाई पेटीवरचा हात तसाच ठेवून बघत राहिली.

"मावशी, तुम्ही गाता? मला कधी सांगितलं नाहीत."

"तुमी कधी इचारलं?" भिकाबाई म्हणाली.

तिनं त्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी बसूनच गाणं म्हटलं. शालूबाईनं सूर धरायचा प्रयत्न केला, पण भिकाबाईची चाल पेटीत बसेना. शेवटी तिनं भाता सोडला आणि नुसती ऐकत राहिली. भिकाबाईला ते फार बरं वाटलं.

बाया गेल्यावर शालूबाई मागं थांबली. "बेगमसाहेबांना तुमचं गाणं कसं ठाऊक?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या दुपारी भिकाबाईला आपण मोठी झाल्यासारखं वाटत होतं, आणि मोठेपणाच्या भरात माणूस खरं बोलून जातं. सतरंजीची घडी घालता घालता तिनं सगळं सांगितलं. दारातले जोडे, चढवलेला आवाज, जलसा हा शब्द, आणि नंतरचं गाणं.

शालूबाईनं पेटी बंद केली. "माझ्या सासऱ्यांना अटक झाली असती," ती एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. वकिलांनाही नाही. भिकाबाईची नोकरी राहिली, मंगळवार राहिला. एवढंच झालं की त्या दिवसापासून शालूबाई तिला मावशी म्हणायची थांबली. "भिकाबाई, सतरंजी टाका." "भिकाबाई, तुमचं गाणं म्हणा." दर मंगळवारी गाणं मागायची ती, न चुकता, आणि ऐकताना दुसरीकडं बघायची. भिकाबाईला तिच्या या न्यायानं वागण्याचाही हेवा वाटायचा. आपल्याला असं जमलं नसतं, हे तिला कळत होतं.

सत्तेचाळीसनंतर दिवस फिरले. शालूबाईचा नवरा निजामाविरुद्धच्या चळवळीत होता, तो सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघून गेला आणि पाठोपाठ ती मुलांना घेऊन माहेरी गेली. पेटी मात्र माडीवरच राहिली. रस्त्यांवर बंदुका दिसायला लागल्या, पुनमचंदानं आडत बंद केली, वाचनालयातही कुणी येईना. भिकाबाईनं थोडी थोडी करून पुस्तकं टोपलीतून घरोघर ठेवायला दिली. कुणाकडं कुठली ठेवायची हे तिला विचारावं लागलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली. त्या गडबडीत अमीनसाहेबांचं घर एका रात्रीत रिकामं झालं. भिकाबाई सकाळी गेली तर दार उघडं, आत जाजमही नव्हतं. कमरजहाँ कुठं गेली ते कुणाला सांगता आलं नाही. पिंजारगल्लीवर त्या दिवसांत भीती बसली होती. तेव्हा मनकर्णा, भिकाबाई आणि आणखी चौघी रहिमाबीच्या ओट्यावर निवडायचं धान्य घेऊन बसल्या, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, आणि तशा बरेच दिवस बसत राहिल्या. कुणी त्या घराला हात लावला नाही.

थंडीत वाचनालय पुन्हा उघडलं. समारंभ झाला, दुकानापुढं मांडव पडला, पताका लागल्या. परगावहून पाहुणे आले आणि शालूबाईही आली. जरा जाड झालेली, चष्मा लावलेली. स्त्री-विभागाच्या संस्थापक म्हणून तिला शाल मिळाली. भिकाबाई मागं भिंतीला टेकून उभी होती. शालूबाई बोलायला उठली. कुलपाच्या दिवसांबद्दल बोलली. म्हणाली की अर्जानं काही झालं नव्हतं, ते कुलूप एका बाईच्या गळ्यानं उघडलं, आणि ती बाई मागं उभी आहे. लोकांनी वळून टाळ्या वाजवल्या. कुलूप कुणामुळं लागलं, याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

भिकाबाईनं हात जोडले. ती खूश व्हायला हवी होती, आणि झालीही. पण टाळ्या थांबल्या, शालूबाई पुढं बोलायला लागली, सगळे पुन्हा तिच्याकडं वळले, आणि मांडवात तसंच चिडीचूप झालं, जसं तेव्हा माडीवर व्हायचं. भिकाबाईच्या पोटात जुन्या जागी कळ आली.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन पिंजारगल्लीत गेली. रहिमाबी समारंभाला आली नव्हती. तिनं विचारलं, "कसं झालं कालचं?"

"झालं."

"शालूबाई बोलल्या म्हने. चांगलं बोलल्या का?"

भिकाबाईनं टोपली खाली ठेवली, फडकं काढलं, एक पुस्तक निवडून रहिमाबीच्या सुनेसाठी बाजूला केलं.

"चांगलंच बोलती ती," ती म्हणाली. "तेच तर हाय."